पिंपळाखालची फुलदाणी

मी घडवलेली फुलदाणी पहिल्यांदाच प्रदर्शनात निवडली गेली, तेही छत्रपती संभाजीनगरला. कुरिअरवर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून पुण्याहून एसटीनं निघाले, फुलदाणी मांडीवर. तिच्यावर सप्तमातृका कोरल्या होत्या, सात जणींचे सात वेगळे चेहरे. त्या चेहऱ्यांनीच माझा अख्खा हिवाळा खाल्ला. नाजूक सामान असेल तर मागची सीट घेऊ नका; नगर सोडल्यावर एका खड्ड्यानं एका मातेच्या कडेवरच्या बाळाचा हात उडवला.

वाळूजला उतरून बजाजनगरला आत्याकडे गेले. (रिक्षाचं भाडं आधी ठरवा.) प्रदर्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सकाळी तो हात चिकटवायला गोंद आणायला गुलमंडीत गेले, कापडाच्या दुकानांत रेंगाळले, नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, हाणला. तो मात्र चुकवू नका. परतले तर टेबल रिकामं!

"आत्या, फुलदाणी कुठंय?"

"पिंपळाखाली ठिवून आले, हात जोडून. खंडित देव घरात ठेवत नाय बाई."

"अगं, ती फुलदाणी आहे!"

"व्हय? मग देव कशाला काढले तिच्यावर?"

तशीच धावत सुटले. देवळामागच्या पिंपळाखाली, फुटक्या तसबिरींच्या गर्दीत, माझी फुलदाणी हळदीकुंकवानं माखलेली. समोर एक बाई, मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू.

"ताई, ही माझी आहे," मी म्हणाले.

ती दचकली. "तुमची हाय? न्या मग." फुलदाणीपुढचा नारळ तिनं बाजूला घेतला. "पण आत्ताच साती आसरांना नवस बोलले वो मी. त्यो कुणापाशी ऱ्हाईल?"

मी फुलदाणी उचलायला पुढं केलेला हात तसाच मागं घेतला. बाई आणि लेकराला रिक्षानं दवाखान्यात पोचवलं आणि आयोजकांना फोन करून नाव काढायला सांगितलं. त्यांनी झापलं, तेही ऐकून घेतलं.

पुण्यात आल्यावर आठवडाभर मी आत्याशी बोललेच नाही. काल तिचाच फोन आला. लेकरू ठणठणीत आहे, ती बाई नवस फेडून गेली. मला खरंच हायसं वाटलं.

"आन् तुझ्या फुलदाणीला तिनं शेंदूर लावला, लई जाड. नाक-डोळे काय बी दिसत नाय आता."

सातही चेहरे गेले! मला रडू फुटलं. आत्याला वाटलं, आनंदानं.

"रडू नकोस गं," ती म्हणाली. "आत्ता कुठं देवासारखी दिसायला लागली."