मामांची सहाशे पोती

जगाच्या पाठीवर कुठंही काही बिघडलं, की त्याची पहिली कळ मुरुममध्ये आमच्या मामांच्या पोटात उठत असे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून ते वारल्यावर अडतीच्या गादीवर मी जावई येऊन बसलो. पण दुकान चालवत होते ते मामाच. निजामाचं राज्य होतं आणि बाहेर मोठी लढाई पेटली होती. सोलापूरचा पेपर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका ओलांडून तीन दिवस शिळा होऊन आमच्याकडं यायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून मामा तो गरम भाकरीसारखा दोन्ही हातांत धरत, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत जाई. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी कुठल्याशा समुद्रात जहाज बुडालं, की ते पेपर खाली ठेवून आधी घरातल्या काडेपेट्या तपासत. रंगून पडल्याचं वाचलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "जावईबापू, रंगून गेलं म्हणजे घासलेट गेलं. आजपासनं दिवस मावळायच्या आत जेवायचं. सवय पाहिजे." आणि घरात घासलेटचे दोन डबे भरलेले असताना आम्ही महिनाभर उन्हातच जेवलो.

जपानी विमानांचं त्यांनी असं मनावर घेतलं, की दुपारी हमालांना गाडीखाली पालथं पडायचा सराव सुरू केला. मामांनी ताट वाजवलं, की सगळ्यांनी पळत जाऊन गाडीखाली शिरायचं. हमालांना हे फार आवडलं. एकजण तर गाडीखालूनच म्हणाला, "मामा, जपान आला की उठवा," आणि घोरायला लागला. गावात लोक हसत. पण टोळधाड येणार, आगगाडीचे डबे लढाईवर जाणार, सोलापूरच्या गिरण्या बंद पडणार, असली भाकितं करणारा हा माणूस स्वतः मात्र मागच्या कोठीत पाऊल टाकत नसे. तिथं साप असावा असा त्यांचा संशय होता. साप कुणी पाहिला नव्हता. "दिसला न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय," असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्या भीतींमधली एक मात्र बिनबुडाची नव्हती. "गोणपाट कलकत्त्याकडनं येतंय," ते म्हणत. "लढाईला वाळू भरायला पोती लागत्यात. सरकार आधी ती भरंल. मग आपली तूर काय धोतरात भरायची?" दोन वर्षं त्यांनी जुनी, फाटकी पोती मिळतील तिथून गोळा केली. रोज जेवण झालं की दाभण घेऊन बसत, भोकं शिवत आणि शिवून झालेल्या प्रत्येक पोत्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालत. अशी सहाशे पोती झाली. ती दुकानाच्या पुढच्या खोलीत छताला टेकली होती.

मला त्या ढिगाची लाज वाटायची. सोलापूरच्या एका पेढीवर मी वेताच्या खुर्च्या पाहिल्या होत्या, आणि आपल्याही दुकानात तशी बैठक असावी हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मामा घरच्यांना घेऊन अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेले, त्या दोन दिवसांत मी लोहाऱ्याच्या एका व्यापाऱ्याला पाचशे साठ पोती देऊन टाकली आणि त्याच्याकडून चार वेताच्या खुर्च्या घेतल्या. उरलेली चाळीस मागच्या कोठीत टाकली. मामांना सांगितलं, "सगळी मागं हलवली." कोठीत जाऊन ते बघणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या सुगीला मामा म्हणाले तसंच झालं. सबंध बाजारात पोतं मिळेना. मामांची छाती फुगली. येईल त्याला ते सांगत, "तुमी माल आणा. पोती माझ्याकडं हायत." त्यांच्या शब्दावर गाड्या आल्या, आमच्या अंगणात तुरीचा डोंगर झाला आणि मामांनी माझ्याकडं कोठीची किल्ली मागितली. कुलूप मीच काढलं. मामा उंबऱ्यावर उभे राहून आत पाहत राहिले.

"बाकीची कुठं हायत?"

मागं दहा-बारा शेतकरी उभे होते. मी म्हणालो, "होती तेवढीच, मामा. तुम्हीच मनात वाढवून धरली."

चार लोकांसमोर जावयाला खोटं पाडायचं नाही, ही त्या घराची रीत. मामा उंबऱ्यावरून मागं सरले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मामांची पोती बी मामांच्या जपानावानीच. बोलण्यातली!" सगळे हसले. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी अवकाळी पाऊस आला. झाकायला मिळेल ते टाकलं, पण तूर भिजली आणि पुढं तिला मोड आले. शेतकरी मामांना नाही ते बोलले. "रोज अभद्र बोलल्यावर दुसरं काय हुणार?" असंही कुणी म्हणालं. मामा अंगणात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. मी मोजण्यात चुकलो." मग खाली बसून स्वतःच्या पटक्यानं ते ओली तूर पुसायला लागले.

त्यानंतर मामांना जगाची भीती राहिली नाही. त्यांना स्वतःच्या डोक्याची भीती वाटू लागली. दाराला कडी घातली का, हे तीनदा जाऊन बघत. एकदा माझ्या बायकोला त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, मी जेवलो का गं?" मी समोरच होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

पाडव्याच्या सुमाराला लोहाऱ्याकडचा एक शेतकरी करडई घेऊन आला. पोतं रिकामं करताना मामांचा हात त्याच्या आतल्या कोपऱ्याला लागला. तिथं लाल दोऱ्याचा टाका होता. त्यावरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. आधी त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो मी विसरू शकत नाही. आपलं डोकं शाबूत आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खुर्च्यांकडं पाहिलं. कोपरा आत दुमडला आणि स्वतःशीच कानडीत म्हणाले, "होगली बिडू." म्हणजे, जाऊ दे.

"काय म्हणालाव, मामा?" शेतकऱ्यानं विचारलं.

"करडई चांगली हाय म्हणलं."

गादीवरच्या माणसावरचा, म्हणजे माझ्यावरचा, लोकांचा भरवसा उडणं, हा मामांच्या लेखी जपानाहून मोठा धोका होता. तो त्यांनी स्वतःचं नाव घालवून टाळला. पुढं निजामाचं राज्य जायच्या सुमाराला आणखी वाईट दिवस आले. गावात खरंच भीती शिरली, तेव्हा लोक मामांना विचारायला येत, काय साठवावं, कुठं जावं. मामा हसून म्हणत, "मला काय कळतंय?" त्या चार खुर्च्यांवर ते मरेपर्यंत कधी बसले नाहीत. पोत्याची घडी घालून ओट्यावरच बसत, आणि मी बाहेर पडताना रोज सांगत, "जपून जावा, जावईबापू."

पोत्यांविषयी मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. बायकोलाही कळू दिलं नाही. आता तीही नाही. मुरुममध्ये त्या तुरीची आठवण असलेलं कुणी म्हातारं माणूस उरलं असेल, तर त्यानं एवढं ऐकावं. पोती होती. सहाशे होती. मामांच्या मोजण्यात एकाचीही चूक नव्हती.