पळसाच्या पानांचा माणूस

माझी भक्ती फार दिवस खोटी होती, हे आधीच सांगून टाकते. रोज महादेवाला बेल वाहायचे आणि मागणं एकच, माझं लपवलेलं लपलेलंच राहू दे.

माझे यजमान पुलगावच्या मिलमधली नोकरी सोडून लढाईवर गेले आणि ब्रह्मदेशात बेपत्ता झाले. सरकारी कागदावर तेवढाच एक शब्द होता. लढाई संपल्यावर वर्षभरानं त्यांचं पत्र आलं. ते जिवंत होते. तिकडेच दुसरा संसार थाटला होता, एक मुलगीही झाली होती. 'मी मेलो असं समजा,' असं लिहून खाली सही. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी माहेरचं पत्र आहे म्हणाले आणि ते चुलीत घातलं. त्यांना धक्का बसू नये म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. खरं म्हणजे मलाच लाज वाटत होती. नवरा लढाईत हरवला म्हटलं की लोक हळहळतात. टाकून गेला म्हटलं की बाईतच खोट शोधतात. शिवाय माझा जीव त्यांच्यावर होता, तो काही पत्राबरोबर जळला नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत. बारा वर्षं भरली. धाकट्या दिरांनी दिवस ठरवला. जिवंत माणसाला जाळून त्याच्या नावाचं कुंकू पुसायचं, की नऊ वर्षांचं खोटं चव्हाट्यावर आणायचं? महादेवापुढे बसले, पण काय मागावं तेच कळेना. शेवटी म्हणाले, "माझं डोकं चालत नाही. आता तूच काय ते बघ."

आमचे नेहमीचे भटजी असते तर तासाभरात उरकून मोकळे झाले असते. पण ते तापानं पडले आणि आर्वीकडचे एक अनोळखी म्हातारे भटजी आले. वर्धा नदीच्या काठी दर्भावर पुतळा निजवला होता, डोक्याच्या जागी नारळ. दिरांनी पेटतं लाकूड उचललं, तेवढ्यात म्हातारे भटजी म्हणाले, "थांबा. जित्या माणसाचं हे करता येत नाई. मागून काही खबर, चिठ्ठी आलती का? घरातल्या हरेक माणसानं सांगा." दीर नाही म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली. मग भटजी माझ्याकडे वळले. बाईमाणसाला असं कोण विचारतं? "आली होती," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण बोलायचं मी ठरवलं नव्हतं, एवढंच मला ठाऊक आहे.

मग सगळं सांगितलं. दीर संतापले. "वहिनी, काऊन लपवलं तुम्ही?" एवढं ओरडून त्यांनी पुतळा विस्कटला आणि पानं नदीत टाकली. सासूबाईंनी विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवलं त्यानं?" पत्रात नाव नव्हतं. तेव्हा त्या रडल्या, बारा वर्षांत पहिल्यांदा. वाट पाहणाऱ्यानं रडू नये, असं त्या म्हणायच्या. घरी येताना माझ्यासाठी न थांबता पुढे चालत राहिल्या.

ते भटजी कोणी अवतारी पुरुष नव्हते. विडा चघळणारे, कानानं कमी ऐकणारे साधे गृहस्थ होते, हे पुढे कळलं. पण त्यांना त्या दिवशी कोणी धाडलं, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशापुढे बसले, करंड्यात बोट घातलं आणि हात थांबला. मी ना सवाष्ण, ना विधवा. कोणाच्या नावानं लावायचं? सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. सासरे गेल्यापासून त्यांनी कुंकवाला हात लावला नव्हता. त्यांनी करंडा आपल्याकडे ओढला.

"त्याच्या नावाचं नोको लावू, पोरी," त्या म्हणाल्या. "माह्या नावाचं लाव." आणि आपल्याच बोटानं माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं.

नऊ वर्षं जे मागत होते ते देवानं दिलं असतं, तर ते बोट माझ्या कपाळाला लागलं नसतं. आता मी त्याच्यापुढे नुसती बसते. मागत काही नाही.