धर्माचा पाव

माझी मथुराकाकी भांडखोर होती, असं अर्नाळ्यात अजून सांगतात. सांगणाऱ्यांची तोंडं मला ठाऊक आहेत, म्हणून मी गप्प बसते, पण आतून जळते. भांडखोर बाई कशी असते ते मी घरातच पाहिलंय. माझी आई सुभद्रा आगाशीच्या बाजारात मासळी विकायला बसली आणि गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. काकी आईची धाकटी जाऊ, तिच्याच शेजारी टोपली मांडून बसायची. ती नुसती हसायची, वाट्यावर एक बोंबील जास्तीचा टाकायची आणि म्हणायची, "घे, पन उद्या माज्याकडंच ये हां." अशा बाईने एका सकाळी अख्खा कोळीवाडा बाटवला. तो कसा, हे मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या कार्तिकात मोठं वादळ झालं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या लाटांनी उचलून सुरूच्या झाडांवर आपटल्या. कुडाची घरं बसली, वाळत घातलेली मासळी गेली, कणगीतलं भात भिजून त्याला आंबूस वास सुटला. समुद्र आत शिरला तो विहिरींतही शिरला. खालच्या आळीतल्या सगळ्या विहिरी खारट झाल्या आणि वरच्या आळीतली एक तेवढी गोड्या पाण्याची राहिली. हरिश्चंद्रकाका, म्हणजे मथुराकाकीचा नवरा, तेव्हा होडी घेऊन दर्यात होता. बरोबरचे दोघे फळीला धरून किनाऱ्याला लागले. काका आला नाही.

काकीला रडायलाही सवड मिळाली नाही, कारण मालूला हगवण लागली. मालू तिची एकुलती एक लेक, तिसरं नुकतंच लागलेलं. लोक डोंगराकडून करांदे खणून आणत होते आणि उकडून खात होते. ते कडू कंद मोठ्या माणसाला गिळवत नव्हते, मालूच्या पोटात कुठले टिकणार? आगाशीच्या वाटेवर झाडं आडवी पडलेली, रेशनच्या दुकानात दाणा नाही. काकीने दारोदार फिरून मूठमूठ तांदूळ मागितले आणि पेज केली. तांदूळ संपले. मग पोर दिवसभर डोळे मिटून पडून राहू लागली, आणि काकी तिच्या नाकाशी बोट धरून बसू लागली.

अशात पावाची गाडी आली.

मुंबईला एक पाव-बिस्किटांची कंपनी होती. वादळात सापडलेल्यांसाठी कंपनीच्या मालकांनी पैसा बाजूला काढला आणि रोज भट्टीचे पाव आगगाडीने विरारला पाठवायला सुरुवात केली. चांगलंच काम केलं, मी नाव ठेवणार नाही. तिथून पुढे बैलगाडीने वाटायचं काम त्यांनी वटारच्या आल्बर्टला दिलं. हा ख्रिस्ती गडी एरवी आगाशीच्या हॉटेलांना त्याच कंपनीचा पाव पुरवायचा. साधा, हसरा माणूस. गाडीला कंपनीने कापड बांधून दिलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'धर्मादाय पाव वाटप'. कंपनीच्या साहेबाने त्याला बजावलं होतं, फुकट आहे हे ओरडून सांग, नाहीतर लोक पैसे पडतील म्हणून पुढे यायचे नाहीत. आता 'धर्मादाय' हा शब्द ओरडायच्या कामाचा नाही. आल्बर्टने तो सोपा केला. धर्मशाळा म्हणतात, धर्माचा दवाखाना म्हणतात, तसं त्याने कोळीवाड्याच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि तोंडाभोवती हात धरून आरोळी दिली:

"धर्माचा पाव! या, धर्माचा पाव घ्या!"

दुसऱ्या कुठल्या मुलखात या शब्दांवर लोकांची झुंबड उडाली असती. पण ही वसई. इथे कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो हीच गोष्ट सांगेल: फिरंग्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक नकळत पाणी प्यायले, आणि बाटले म्हणून गावाने गावाला वाळीत टाकलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण आमच्याकडे पोराला आधी पोहायला शिकवतात आणि मग ही गोष्ट सांगतात. त्यातून गाडीवर उभा ख्रिस्ती माणूस, हातात पाव, आणि तोंडात धर्म.

बाया पुढे झाल्या होत्या त्या थबकल्या. हिरामण तांडेल, होड्यांवरच्या खलाशांचा म्होरक्या, पुढे आला. पंचांत त्याचा शब्द शेवटचा.

"कुठल्या धर्माचा?" त्याने विचारलं.

आल्बर्ट गोंधळला. "कंपनीच्या," तो म्हणाला.

"कंपनीचा धर्म कोनता?"

"तसं नाय हो तांडेल. धर्माचा म्हंजे फुकट. पैसे नाय पडत."

"तवापन फुकटच दिला होता," हिरामण म्हणाला. "जो खाईल तो जातीत नाय. गाडी फिरव."

मला या हिरामणाचा आजही राग येतो. हाच माणूस मासळी घेऊन मुंबईला धक्क्यावर गेला की चहात पाव बुडवून खायचा. सगळेच खायचे, घरी येऊन सांगायचे नाहीत एवढंच. पण आई म्हणायची, त्याच्या दोन्ही होड्या फुटल्या होत्या, थोरला मुलगा पाय मोडून पडला होता. सगळं गेलं, जात तेवढी हातात राहिली, ती तो कशी सोडणार? आल्बर्टने हातातला पाव परत गाडीत ठेवला. मग डोळे पुसत बैल वळवले.

काकी दारात उभी होती. गाडी जवळून गेली तसा ताज्या पावाचा वास घरात शिरला, आणि मालूने डोळे उघडले. मान उचलून ती म्हणाली, "आये, खाऊ."

"वयनी, बोलली!" काकी आईला म्हणाली. "वासानं उठली बग."

"गप ऱ्हा," आई म्हणाली. "तांडेल बगतोय."

काकीने पोर कडेवर घेतली आणि ती निघाली. आडव्या पडलेल्या माडांना वळसे घालत, गाडीच्या चाकोरीमागून, थेट आगाशीपर्यंत. आल्बर्ट बाजारात पाव वाटत होता. त्याने तिला पाहिलं आणि काही विचारलं नाही. एका दुकानाच्या ओट्यावर बसवलं, आपल्या पेल्यातल्या पाण्यात पाव भिजवून दिला. काकीने त्यातला मऊ मऊ गर बोटाने मालूच्या तोंडात घातला. पोर ओकते की काय म्हणून दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसली. ती ओकली नाही. तिने आणखी मागितला. तेव्हा काकी रडली, मोठ्याने, भर बाजारात, हरिश्चंद्रकाकाचं नाव घेऊन. वादळानंतर पहिल्यांदाच. मग उरलेला पाव तिनेही खाल्ला. आल्बर्टने तिच्या पदरात आणखी एक बांधून दिला.

बातमी तिच्याआधी कोळीवाड्यात पोचली होती. पंच वाटच बघत होते.

"पाव खाल्लास?"

नाही म्हणाली असती तर बहुतेक सुटली असती. आई तर म्हणायची, तांडेलाच्याही मनात तिने नाहीच म्हणावं असंच होतं.

"पोरीनं खाल्ला," काकी म्हणाली. "मीपन खाल्ला. भूक लागलेली."

तिने गोड्या विहिरीला हात लावायचा नाही, असं ठरलं.

हे ठरवणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. हगवणीच्या पोराला अन्नाआधी पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक. काकीने खालच्या आळीतलं खारट पाणी उकळून पाजलं. पोटात गेलेला पाव त्याबरोबर बाहेर आला. पोर ओठ चाटत पडली. माझ्या आईने हंडा उचलला तर माझ्या बापाने तो तिच्या हातातून काढून घेतला. "आपल्याला तीन पोरं हायेत," तो म्हणाला. आई भांडली, शिव्या दिल्या, आणि घरातच बसली.

सकाळी काकी कडेवर मालू आणि काखेत कळशी घेऊन विहिरीवर गेली. बायांनी आपापली भांडी बाजूला ओढली. हिरामण विहिरीच्या कठड्यावर दोर आणि पोहरा धरून बसला होता.

"मी हात नाय लावत," काकी म्हणाली. "तुमीच वरनं वता. पोरीच्या तोंडात घोटभर."

बायांनी हिरामणाकडे पाहिलं.

"तांडेलदादा, हरिश्चंद्र पयल्यांदा तुमच्याच हाताखाली होडीवर चढला होता."

"मथुरा, माज्यापन घरात लग्नाच्या नाती हायेत," हिरामण म्हणाला. "उद्या त्यांना सून म्हनून कोन करून घेईल?"

काकीने त्याचे पाय धरले. त्याने पाय वर ओढून घेतले. आई सांगायची, तोवर काकी पहिल्यासारखीच होती, गरीब, हात जोडणारी. मालूची मान तिच्या खांद्यावरून एका बाजूला कलली, तिने ती सरळ केली, ती पुन्हा कलली. मग काकी उठली. पदराची गाठ सोडून तिने पाव काढला. अर्धाच उरला होता.

"पोरीच्या दुपारचा हाय हा," ती म्हणाली, आणि तो तिने विहिरीत टाकला.

एक बाई किंचाळली. बाकीच्या वाकून बघत राहिल्या. पाव पाण्यावर तरंगला, फुगला आणि फुटून खाली गेला.

"आता प्या," काकी म्हणाली, "नायतर माज्या पोरीसारखे तडफडा. आता कोन कोनाला वाळीत टाकतो ते बगते."

हिरामणाच्या हातातला दोर तिने सरळ काढून घेतला. त्याने धरून ठेवला नाही. तिने पाणी शेंदलं आणि ओंजळीने मालूच्या तोंडात सोडलं. पोर गटागटा प्यायली. लोक बघत होते. विहीर एकच, ऊन वर चढत होतं, आणि घरोघरी पोरं पाण्यासाठी रडत होती.

मग माझी आई बोलली. हे ती सांगायची तेव्हा तिचा आवाज अजून चढायचा. "बाटलोच ना आता? मग पोरं उपाशी कशाला मारायची? मी चालले आगाशीला." बापाने तिचा हात धरला, तिने झटकला. तिच्यामागे एक निघाली, मग दुसरी, मग आळीची आळी निघाली. विहिरीवर एकटा हिरामण बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आल्बर्टची गाडी कोळीवाड्यात आली. त्याने आरोळी द्यायला तोंडाभोवती हात धरले तशी आई ओरडली, "अरे बाबा, काय बोलू नको! नुस्ता दे!" त्याने नुस्ता दिला. गाडी बरेच दिवस येत राहिली. शेवटी कंपनीचा एक साहेबही येऊन गेला. झाल्या प्रकारातलं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. खुर्चीवरून उठून तो म्हणाला, संकटात धावून जाणं हा आमच्या कंपनीचा धर्मच आहे. टाळी एकट्या आल्बर्टने वाजवली.

मालू जगली. हळूहळू घरात धरधरून चालायला लागली.

मार्गशीर्षात होड्या दुरुस्त झाल्या, पहिली मासळी आली, लोकांच्या पोटात दोन घास गेले, आणि मग पुन्हा जात आठवली. पंचांनी शुद्ध व्हायचं ठरवलं. विहीर उपसली, गोमूत्र टाकलं, आणि घरटी एक नारळ दर्याला सोडायला सगळे किनाऱ्यावर जमले. काकीही आली, एका हाताला मालू, दुसऱ्या हातात नारळ. तिची नारळ सोडायची पाळी आली तेव्हा हिरामणाने तिला थांबवलं. आवाज मऊ होता त्याचा.

"मथुरा, बाकीच्यांच्या नकळत झालं. तू जानूनबुजून केलंस. चारचौघांत एकदा म्हन, चुकलं माजं. मग नारळ सोड. तू आमचीच हायेस."

काकीने नारळ छातीशी धरला.

"काय चुकलं म्हनू?" तिने विचारलं. "पोर जगली, ते चुकलं म्हनू?"

"तसं नाय गं. नुस्तं तोंडानं म्हनायचं."

"म्हन गं बाय," मागून आई म्हणाली. "दोन शब्द तर हायेत."

काकीने मालूकडे पाहिलं. पोर तिच्या लुगड्याला धरून वाळूत पाय रोवत होती. "हिच्या देखत नाय म्हननार," काकी म्हणाली. "दुसरं काय पन सांगा, करते. पाया पडते सगळ्यांच्या. हे नाय."

हिरामण वाट बघत राहिला. मग त्याने पुढच्या घराचं नाव पुकारलं. काकीने नारळ वाळूत ठेवला, पोर कडेवर घेतली आणि ती घराकडे चालू लागली. तिला कुणी परत बोलावलं नाही. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पोटात तोच पाव गेला होता. माझी आई तेव्हा गरोदर होती, म्हणजे माझ्याही.