सकाळी सातला बंद पडणारा कॅमेरा

जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं आणि आतलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. नाशिकमध्ये पाऊस थांबून महिना होत आला होता. मी शिडीवरून वर पाहिलं. स्लॅब कोरडा, पाण्याची टाकी घराच्या दुसऱ्या टोकाला, जवळून एकही पाइप जात नव्हता. तरी बॉक्समध्ये पाणी होतं आणि आतल्या पितळी पिनेवर हिरवा थर चढला होता.

खाली ताराबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात फुलं तोडायची कात्री.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"पाणी."

"हां," त्या म्हणाल्या आणि शेवंतीच्या वाफ्याकडे निघून गेल्या. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मी चौदा वर्षं नाशिकमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो. घरं, दुकानं, द्राक्षांची कोल्ड स्टोरेज, कांद्याची गोदामं. हे घर मखमलाबादच्या पुढे, शहर संपून मळे सुरू होतात तिथलं. चार खोल्या, समोर अंगण, अंगणाला लागून अर्धा एकर शेवंती. ताराबाई एकट्या राहतात. मुलगी सुनीता मनमाडला रेल्वेत नोकरीला आहे. कॅमेरे तिनेच बसवून घेतले होते. दोन कॅमेरे. एक फाटकाकडे पाहणारा, दुसरा अंगण आणि वाफ्यांकडे.

कारण साधं होतं. आदल्या उन्हाळ्यात ताराबाई वाफ्यात पाय घसरून पडल्या आणि तासभर कुणाला कळलं नाही. हाड मोडलं नाही, पण सुनीताने दोनच पर्याय ठेवले. मनमाडला चल, नाहीतर कॅमेरा लावू दे. ताराबाईंनी कॅमेरा निवडला. रोज सकाळी सात वाजता त्या फुलं तोडायला बाहेर पडायच्या, आठला टेम्पोवाला फुलं न्यायला यायचा. तो तासभर सुनीता ड्यूटीला जायच्या तयारीत एक डोळा मोबाइलवर ठेवायची.

आणि नेमका सातला कॅमेरा बंद पडायचा. रोज. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू व्हायचा. चालू झाल्यावर दोन नंबरच्या, म्हणजे अंगणाच्या कॅमेऱ्याचं चित्र धुरकट दिसायचं, त्यावर आडव्या रेघा धावायच्या. दुपारपर्यंत चित्र बरं व्हायचं.

पहिल्या खेपेला मी पॉवर सप्लाय बदलला. दोन्ही कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा हा एकच डबा असतो. दोन्ही एकदम बंद पडतात म्हणजे दोष तिथे असणार, हा हिशेब बरोबर होता. ताराबाईंना विचारलंही होतं.

"मावशी, सकाळी सातला लाइट जाते का?"

"नाय. लाइट असती की."

दुसऱ्या दिवशी सातला कॅमेरा पुन्हा बंद पडला.

दुसऱ्या खेपेला बॉक्समधलं पाणी सापडलं. इथे थोडं समजावून सांगतो. घराबाहेर लावतात तो नळकांड्यासारखा कॅमेरा पावसात भिजला तरी बिघडत नाही. त्याची काच आणि कडा रबराने बंद असतात. कमकुवत जागा असते ती मागची. कॅमेऱ्यातून निघणारी वायर आणि घरातून आलेली वायर जिथे जोडतात, तो जोड. तो जोड झाकायला प्लॅस्टिकचा चौकोनी बॉक्स भिंतीवर बसवतात, तो जंक्शन बॉक्स. पाणी वरून येतं, म्हणून वरच्या बाजूला आणि वायरीच्या भोकाला सिलिकॉन भरतात. खालच्या बाजूला मात्र एक बारीक भोक मुद्दाम उघडं ठेवतात. आत दमटपणा साठला तर तो तिथून ठिबकून जातो. नवशिके तेही भोक बुजवतात आणि बॉक्सचा तांब्या करून ठेवतात.

माझं भोक उघडं होतं. वरचं सिलिकॉन शाबूत होतं. तरी मी जुनं सिलिकॉन खरवडून नवं भरलं, हिरवी पडलेली पिन बदलली, जोडावर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले आणि खाली उतरलो. कॅमेऱ्याच्या काचेवर पांढरट ठिपके होते, तेही पुसले. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचे असे ठिपके नळावर, बादलीवर, सगळीकडे दिसतात. ते नऊ फूट उंचीवरच्या कॅमेऱ्यावर कसे आले, हा प्रश्न मला पडला नाही.

दोन दिवसांनी सुनीताचा फोन आला.

"दादा, आजही सात वाजता बंद. आणि चित्रात रेघाच रेघा."

"मॅडम, मी उद्या येऊन..."

"तुम्ही दोनदा आलात. तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा शेजारीण बरी, ती निदान फोन तरी उचलते. रविवारी मी येतेय. आईला घेऊन जाणार. तिला सांगितलंय मी."

"मावशी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? म्हणाली, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर कुंडीत शेवंती लावू का?"

फोन बुधवारचा. माझ्याकडे तीन दिवस होते, आणि आता प्रश्न फक्त माझ्या कामाच्या नावाचा राहिला नव्हता. माझ्या एका जोडातून पाणी झिरपतंय म्हणून एका बाईचं घर आणि मळा सुटणार होता.

गुरुवारी दुपारी जाऊन मी रेकॉर्डिंग तपासलं. रेकॉर्डर घरात, पुढच्या खोलीत होता आणि तो वेगळ्या प्लगवर होता, म्हणून तो बंद पडत नव्हता. मागच्या आठ दिवसांची सकाळ काढली. सहा अठ्ठावन्न, रिकामं अंगण. सहा एकोणसाठ, रिकामं अंगण. मग काळा पडदा. सव्वासातला पुन्हा चित्र, रेघांसकट. एकदा सातला दोन मिनिटं कमी, एकदा सातला चार मिनिटं जास्त. बिघाड घड्याळ पाहून होत नाही. घड्याळ माणसं पाहतात.

ताराबाई वाफ्यात होत्या. मी कठड्यावरून हाक मारली.

"मावशी, सकाळी तुमच्याकडे कोणी येतं का? सातच्या आधी?"

"कोण येतंय? मीच असती."

उत्तर याही वेळी अगदी खरं होतं.

शुक्रवारी पावणेसातला मी फाटकाबाहेर स्कूटर लावली. थंडी होती, मळ्यावर धुकं होतं. मोबाइलवर ॲप उघडलं. चित्रात अंगण दिसत होतं, आणि फाटकाच्या कॅमेऱ्यात मी स्वतः, मफलर गुंडाळलेला. सहा एकोणसाठला दोन्ही चित्रं एकदम गेली. मी मान वर केली.

घराचं दार उघडलं. ताराबाई बाहेर आल्या. पाठीवर फवारणीचा पंप होता. बॅटरीवर चालणारा, सोळा लिटरचा, शेवंतीवर औषध मारायला वापरतात तो. पदर खोचलेला, हातात पंपाची लांब पितळी नळी. त्या सरळ दोन नंबरच्या कॅमेऱ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, नळी वर केली आणि खटका दाबला. बारीक, जोरकस फवारा खालून वर, बरोबर बॉक्सच्या तळाशी.

मी फाटक ढकलून आत गेलो.

"मावशी, थांबा, थांबा. हे काय करताय?"

"लांब हो. अंगावर उडंल."

"रोज करता हे?"

"रोजच करावं लागतंय. रोज जाळं होतं मेलं." त्यांनी कॅमेऱ्याभोवती गोल फवारा फिरवला. "सुनी फोनवर सांगती, आई, कॅमेऱ्यासमोर कोळ्याचं जाळं आलंय, मला काही दिसत नाय, तेवढं काढ. मग काढती."

"पण पंपाने?"

"मग कशानं? शिडीवर चढू? शिडीवर चढले तर सुनी त्याच कॅमेऱ्यात बघून बोंब मारंल." मग बहुतेक माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "औषध नाय रे, नुसतं पाणी हाय. पंप तीनदा धुतलाय."

"आणि खालून का मारता?"

आता त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "कीड कुठं बसती? पानाच्या पोटाखाली. वरून मारलं की नुसती धूळ जाती, कीड तशीच ऱ्हाती. कोळी बी तसाच. त्या डबीच्या खाली भोक हाय, तिथं लपून बसतो. तिथं मारावं लागतं."

ते भोक माझं होतं. पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेलं. पाऊस खालून वर पडत नाही, या भरवशावर ठेवलेलं. फवाऱ्याच्या जोराने आत शिरलेलं पाणी तेवढ्या बारीक भोकातून पुरतं निथळतही नव्हतं.

"मग कॅमेरे बंद कोण करतं?"

"मीच. पाणी मारताना लाइट चालू ठेवतात व्हय? मोटर धुताना बी बंद करतो आपण. पाणी निथळलं की लावती परत." त्या थांबल्या. "आणि वाटरप्रूफ हाय म्हणून तूच सांगितलं होतंस. पाण्यानं काय होत नाय म्हणालास."

म्हणालो होतो. बसवताना प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो.

"मावशी, मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस लाइट जाती का. लाइट जात नाय. तू विचारलंस कोण येतंय का. कोण येत नाय." त्यांनी पाठीवरचा पंप उतरवला. "कॅमेरा कोण धुतंय, असं इचारलं असतं तर सांगितलं असतं. चहा घेणार का?"

चहा घेतला आणि तिथूनच सुनीताला फोन लावला. काय चाललंय ते सगळं सांगितलं.

"म्हणजे रोज सात वाजता मी घाबरून फोन हातात धरून बसते," ती म्हणाली, "आणि तेव्हा आई माझ्यासाठी काच पुसत असते."

"पुसत नाही, मॅडम. फवारते."

"फोन द्या तिला."

ताराबाईंनी फोन कानाला लावला, पलीकडचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तूच सांगितलं होतंस." मग फोन मला परत दिला.

आता काम सरळ होतं. पहिलं, बॉक्स काढूनच टाकला. कॅमेऱ्यामागच्या भिंतीला बाहेरून आत जाताना किंचित वर चढणारं भोक पाडलं. असं तिरकं भोक असलं की बाहेरचं पाणी उताराने बाहेरच राहतं, घरात येत नाही. वायर त्यातून आत घेतली आणि जोड घरातल्या भिंतीवर केला. बाहेर जोड नाही, डबी नाही, पाणी साचायला पोटच नाही. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ दिला. वायरीवरून येणारं पाणी त्या झोळाच्या टोकाशी ठिबकून जातं, पुढे चढत नाही. मग भोकाभोवती सिलिकॉन.

दुसरं कोळ्याचं. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याला स्वतःचे छोटे दिवे असतात. तो प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसत नाही, पण चिलटं त्यावर येतात, आणि चिलटांच्या मागे कोळी. रोज रात्री जेवणाची सोय असेल तर तो जाळं रोज बांधणार. मी कॅमेऱ्याचे दिवे बंद केले आणि तसाच वेगळा दिवा दहा फुटांवर, फाटकाच्या खांबाला लावला. चिलटं तिकडे जातील. कोळीही जाईल, असा अंदाज होता.

तिसरं, एका बांबूच्या टोकाला मऊ कापड बांधून ताराबाईंच्या हातात दिलं.

"कधी जाळं दिसलं तर याने. कोरडंच. पाणी नाही."

"स्विच बंद करून?"

"चालू ठेवून. कोरड्या कापडाने शॉक लागत नाही."

त्यांनी बांबू तोलून पाहिला. "हे पहिल्याच दिवशी दिलं असतं तर?"

मी शिडी आवरायला घेतली.

शनिवारी सकाळी सात वाजता मी घरीच मोबाइल घेऊन बसलो. सात वाजले. चित्र चालू. सात पाचला ताराबाई टोपली घेऊन अंगणातून गेल्या, कॅमेऱ्याखाली थांबल्या, वर पाहिलं आणि हात हलवला. तो हात मनमाडसाठी होता. आठला टेम्पो आला.

रविवारी सुनीता ठरल्याप्रमाणे आली. मी दुपारी शेवटची तपासणी करायला गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून शेवंतीच्या जुड्या बांधत होती आणि आईची बोलणी खात होती. जुडी सैल बांधली की टेम्पोवाला परत करतो म्हणे. खोलीच्या दाराशी तिने आणलेली मोठी रिकामी बॅग उभी होती.

"झालं का दादा? नक्की?" तिने विचारलं.

"आज सकाळी बंद पडला का?"

"नाही."

"मग झालं."

"तसं नाही. पुन्हा पाऊस आला तर?"

"पाऊस वरून येतो, मॅडम. तिकडचा बंदोबस्त पहिल्यापासून होता."

ताराबाई हसल्या नाहीत, पण जुडी बांधता बांधता त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं. सुनीता उठली, बॅग आत नेली आणि येताना त्यात मेथी, वांगी आणि शेवंती भरून आणली. संध्याकाळच्या गाडीने ती मनमाडला परत गेली. एकटी.

आता गिऱ्हाइकाला मी "वॉटरप्रूफ" म्हणत नाही. पाणी कुठून आलं तर चालेल आणि कुठून नाही, ते बोट दाखवून सांगतो. आणि कॅमेरा कुठे लावायचा हे विचारण्याआधी तो कोण पुसणार हे विचारतो. बहुतेक घरांत यावर सगळे एकाच माणसाकडे पाहतात. पुढची सगळी माहिती मी त्या माणसाला देतो.