साडूच्या प्रोफाइलवरची रोजची फेरी

सगळे त्याला बॉयलरवाला म्हणायचे आणि तोही त्यावर खूश असायचा. कापड रंगवायच्या कारखान्यात त्याने अर्धं आयुष्य बॉयलर सांभाळला होता. रुबाब एकच, "आपण बोलत नाही, आपलं काम बोलतं!" मग कारखान्याला टाळं लागलं आणि हे बोलणारं काम एका दिवसात मुकं झालं. आता घर बायकोच्या शिवणकामावर चाललं होतं. लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, आणि ती ते सोडून कुठेतरी चिकटायच्या गोष्टी करायला लागली होती. महाशय मात्र कुणी विचारलं की सांगत, "दोन-तीन ठिकाणी सांगून ठेवलंय." कुठे सांगून ठेवलंय, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"अहो, धाकटीच्या मिस्टरांच्या कानावर घाला ना," बायको म्हणाली. धाकटी म्हणजे तिची बहीण. तिचा नवरा, म्हणजे याचा साडू, खोकी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत विक्रीचा प्रमुख होता.

"उपाशी राहीन, पण साडूपुढे हात पसरणार नाही! आणि तूही बहिणीकडे अवाक्षर काढायचं नाहीस."

त्याला कारण होतं. मागे एकदा जेवताना साडू सहज म्हणाला होता, "अहो, त्या नोकरीच्या साइटवर नाव तरी घालून ठेवा. जग कुठे चाललंय!" तर या शहाण्याने भर पंगतीत सुनावलं, "ज्याला काम येत नाही, त्याला जाहिरात करावी लागते." साडू अर्ध्या ताटावरून उठला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आणि आता तीच जाहिरात करायला हा फोन घेऊन लेकीसमोर बसला होता. आपलीच थुंकी गिळताना कशी लागते, ते त्याला नीट कळलं.

सुरुवात फोटोपासून झाली. एकट्याचा फोटो नव्हताच, म्हणून एका लग्नातला कापून घेतला. खांद्यावर कुणाचा तरी हात तेवढा शिल्लक राहिला. "असू दे," तो म्हणाला, "पाठीशी कुणीतरी आहे असं दिसेल." मग साइटने सांगितलं, अमक्याला नोकरीत पाच वर्षं झाली, अभिनंदन करा. याने केलं. तमक्याचं, ढमक्याचं, दिसेल त्याचं केलं. एका बाईने उलट विचारलं, "आभारी आहे, पण आपण कोण?" त्यावर काय लिहावं हे सुचेना, म्हणून त्याने तिचं पुन्हा एकदा अभिनंदन केलं.

खरी गाडी अडली ती स्वतःबद्दल दोन ओळी लिहिताना. आयुष्यात कधी स्वतःबद्दल बोलला असेल तर ना! लेक कॉलेजला गेल्यावर त्याने गुपचूप साडूचं प्रोफाइल उघडलं. कोट घातलेला फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत, "स्वतंत्र सल्लागार. बदलाचा वाहक. माणसं जोडणारा. परिणामांचा ध्यास." बॉयलरवाल्याच्या पोटात दुखलं. बघा, नोकरी सोडून सल्लागार झाला! लोक याच्याकडे सल्ले मागतात!

संध्याकाळी लेकीने वडिलांचं प्रोफाइल उघडलं आणि ती पोट धरून हसली. तिथे लिहिलं होतं, "वाफेचा वाहक. पाइप जोडणारा. परिणामांचा ध्यास."

"बाबा, बॉयलरवाल्याला परिणामांचा ध्यास म्हणजे काय? स्फोट?"

पण खोड काही गेली नाही. कामावर असताना पाळीवर आल्याआल्या आधी बॉयलरची काच बघायची, आत पाणी आहे ना याची खात्री करायची, मगच चहा, अशी त्याला सवय होती. आता बघायला काच नव्हती, म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी तो साडूचं प्रोफाइल बघायचा. आज काय नवीन लिहिलंय, त्यातलं काय ढापता येईल! आपल्याला कोण बघतंय?

आणि एका रविवारी साडू दारात उभा. बायको घाईने पाणी आणायला आत पळाली. बॉयलरवाल्याला बसा म्हणायचंही सुचलं नाही.

साडू स्वतःच बसला. म्हणाला, "रोज सकाळी येता, बघता आणि न बोलताच जाता. म्हटलं, आज आपणच जावं."

"मी? मी कुठे आलो?"

"अहो, ती साइट सांगते ना! तुमचं प्रोफाइल कुणी कुणी बघितलं, नावानिशी सांगते."

अरे देवा! बॉयलरवाल्याचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चोरी करायची तीही चोराने आपलं नाव, फोटो आणि खांद्यावरचा परका हात मागे ठेवून!

"चुकलं, साडूभाऊ," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्यासारखं दोन ओळी लिहायला येतं का बघत होतो. तुम्ही सल्लागार, मोठी माणसं..."

"कसला सल्लागार?" साडू खाली बघत म्हणाला. "मलाही काढलं. तुमच्या आधीच. साइटवर बेकार लिहायची लाज वाटते, म्हणून माणूस सल्लागार लिहितो. धाकटीला शपथ घातली होती, ताईला कळू द्यायचं नाही म्हणून."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली बायको दारातच थांबली.

"इतकी माणसं जोडली म्हणून लिहिलंय ना मी? त्यातलं एक माणूस फिरकलं नाही. रोज सकाळी उघडून बघायचो, तर एकच नाव. तुमचं. धाकटीला म्हणायचो, बोलत नाहीत, पण बघून जातात हो."

बॉयलरवाल्याला भडभडून आलं. आपण ढापायला जात होतो, आणि हा बिचारा त्यावर दिवस काढत होता! त्याने साडूचा हात घट्ट धरला.

जाताना साडूने खिशातून चिठ्ठी काढली. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाने नवी लाँड्री काढली होती, इस्पितळांच्या चादरी धुण्याची. तिथे बॉयलरला माणूस हवा होता. "मी तुमचं नाव सांगितलंय. पण जाण्याआधी ते परिणामांचा ध्यास तेवढं काढून टाका. तो माणूस घाबरट आहे."

काम मिळालं. लेकीचं कॉलेजही सुटलं नाही. साडूला मात्र अजून काही जमलेलं नाही.

बॉयलरवाला आता पाळीवर येतो, काच बघतो, पाणी ठीक आहे याची खात्री करतो. मग फोन काढून साडूचं प्रोफाइल उघडतो. ढापायचं काही उरलेलं नाही, नवीनही काही नसतं. नुसतं उघडतो, बंद करतो आणि मग चहा घ्यायला जातो.