दक्षिणेला शंभर किलोमीटर

माझ्या बायकोला समुद्र बघायचा होता. समुद्र म्हणजे वाळू, भेळ आणि घोडागाडी नव्हे. पाण्याच्या आत काय असतं, ते तिला बघायचं होतं. मालवणजवळ समुद्राचा एक तुकडा सरकारनं राखून ठेवलाय, आपल्याकडे जंगल राखतात तसा. तळाशी प्रवाळ आहेत, त्यांच्यातून रंगीत मासे हिंडतात आणि पाणी नितळ असलं की ते दिसतात. हे तिनं टीव्हीवर पाहिलं आणि दुपारी जेवायला घरी आलेल्या मला दंडाला धरून टीव्हीसमोर उभं केलं.

"हे बघा. इथं मासा मारायला बंदी हाय."

"माणसांना बंदी," मी म्हणालो. "मासेच माशांना खातात, त्याचं काय?"

"त्यांचं ते बघतील. माणसानं हात लावायचा नाय अशी एक तरी जागा हाय ना?"

आम्ही जैन, स्थानकवासी. पणजोबा मारवाडातून जुन्नरला आले आणि कापडाच्या दुकानात बसले, ते आम्ही अजून उठलेलो नाही. मारवाडी आता आमच्या घरात लग्नाच्या गाण्यांपुरती आणि रागावण्यापुरती उरली आहे. धर्म मात्र बायकोनं सांभाळला. ती पाणी गाळून पिते आणि दिवस मावळायच्या आत जेवते. मी तिच्या पुण्याईवर जगणारा. स्थानकात साधूंचं व्याख्यान सुरू झालं की मला डुलकी लागते.

तिचं माहेर मंचरचं. लहानपणी बाजारातून जाताना माशांच्या पाट्या आल्या की आई तिच्या नाकाला पदर लावून तिला ओढत पुढे न्यायची. त्यामुळे तिनं मासे पाहिले ते सगळे मेलेलेच. पन्नाशी गाठेपर्यंत जिवंत, हिंडणारा मासा तिनं धड पाहिला नव्हता. हे तिनंच मला सांगितलं, आणि मी हसलो. म्हणालो, "एवढंच ना? नेतो की."

त्या "नेतो की"ला अकरा वर्षं झाली.

आमचा धंदा बस्त्याचा. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी जीप भरून येतात. डिंगोऱ्याची येतात, मढची येतात, घाटाच्या तोंडापासून येतात. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घ्यायचं असतं. कुणाच्या आत्याला रंग आवडत नाही, कुणाचा काका रुसतो, आणि दुकानदारानं सगळ्यांना चहा पाजत मधे बसायचं असतं. तुळशीचं लग्न झालं की हे सुरू होतं ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. नेमका तेव्हाच समुद्र शांत असतो. पुढे पावसात दुकानात माश्या माराव्या लागतात, पण तेव्हा समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, आणि आमचा चातुर्मास. चातुर्मासात ती गरजेशिवाय वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आमची गत.

एका वर्षी पिशव्या भरून झाल्या होत्या. खाखरे, मेथीचे ठेपले, गाळायचं फडकं, सगळं. सकाळी निघायचं, तर आदल्या संध्याकाळी निरगुडसरचं तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक दारात. पाटील म्हणाले, "राव, उद्या आमी सगळी येतोय. तुमीच पायजे. पोरावर आमचा भरवसा नाय." मी तिला म्हणालो, एक दिवस थांब. त्या एका दिवसाचे पंधरा दिवस झाले. तिनं पिशव्या रिकाम्या केल्या आणि खाखरे शेजारी वाटले. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडून मी मोकळा झालो असतो.

मग तिनं विचारणंच सोडलं. ती विचारेनाशी झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

गेल्या वर्षी मुलगा दुकानात पक्का बसला. निरगुडसरचे पाटीलसुद्धा त्याला "शेठ" म्हणायला लागले. तेव्हा आषाढात मी मनाशी ठरवलं, की यंदा हिला न्यायचंच. आणि या वेळी आधी बोलायचं नाही. अकरा वेळा बोलून तोंडघशी पडलो होतो. आता सगळी तयारी करायची आणि एकदम तिच्या हातात द्यायची.

असा उत्साह मला लग्नाच्या वेळीसुद्धा नव्हता. मालवणचा एक होडीवाला गाठला. त्याच्याच घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. फोनवर म्हणालो, आम्हाला खोली अशी द्या की माशांचा वास येणार नाही. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "खोली देतंय," तो म्हणाला, "पण वासाची गॅरंटी नाय." शेवटी त्याच्या बायकोनं मागची, नारळीतली खोली द्यायचं कबूल केलं. चूल आम्हाला वेगळी, भांडी आम्ही आमची आणायची. त्याच्याकडे काचेच्या तळाची होडी होती, म्हणजे हिला पाण्यात उतरायला नको. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, त्यानंतर चौथ्या दिवशी निघायचं. पाणी तेव्हा नितळ असतं असं त्यानंच सांगितलं. पुणं, सातारा, कोल्हापूर, मग गगनबावड्याचा घाट. दिवस मावळायच्या आत जेवण कुठे मिळेल, तेही मी शोधून ठेवलं. हा सगळा बेत एका पुठ्ठ्यावर छान अक्षरात लिहिला आणि साडीच्या खोक्यात घालून दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवला. येता-जाता खोक्याकडे बघून मी एकटाच हसायचो.

भाद्रपदात पर्युषण आलं. त्या वर्षी आमच्या स्थानकात महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, चातुर्मासासाठी मुक्कामाला होत्या, त्यामुळे बायकांमध्ये नियम घ्यायची चढाओढ. कुणी चार महिने हिरवी भाजी सोडली, कुणी चार महिने नवी साडी. एका दुपारी माझी बायको स्थानकातून थेट दुकानात आली. हातात छापील पुस्तिका होती. बारा व्रतांची. त्यातल्या एका व्रतात आपण कोणत्या दिशेला किती लांब जाऊ, त्याची हद्द घालून घ्यायची असते. माणूस जितका कमी हिंडेल तितकी त्याच्या हातून कमी हिंसा होईल, असा त्यामागचा विचार.

मी एका गिऱ्हाइकाला पैठणी दाखवत होतो. ती काउंटरला टेकून उभी राहिली.

"उत्तरेला किती लिहू?"

"नाशिक धर. लेक हाय तिथं."

"पूर्वेला?"

"नगर."

"वर आणि खाली पण लिहायचंय."

"खाली काय, तळघर हाय का आपल्याला?" मी म्हणालो. गिऱ्हाईकही हसलं.

"आणि दक्षिणेला?"

मालवण दक्षिणेलाच की. पाचशे म्हणावं तर ही विचारणार, पाचशे कशाला, कुठं जायचंय? मग वरच्या फळीवरचं सगळं बाहेर. मी चेहरा सरळ ठेवला. मला वाटलं, चार महिन्यांचा तर नियम. पौर्णिमेला सुटेल आणि आपण मागोमाग निघू.

"शंभर किलोमीटर लिही. पुणं आलं त्यात. त्याच्या पुढं आपलं कोण हाय?"

ती लगेच लिहीना.

"नक्की शंभर? जास्त नको?"

"नको."

"विचार करून सांगा हो."

"अगं, शंभर म्हंजे लई झालं. गिऱ्हाईक खोळंबलंय, लिही आणि जा."

तिनं दुकानातलाच पेन घेतला, काउंटरवर पुस्तिका ठेवली आणि लिहिलं. मग पेन जागेवर ठेवून गेली. मी पैठणीची घडी घालताना मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो, की काय बेमालूम थाप मारली!

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महासतीजींचा विहार झाला, म्हणजे त्या पायी पुढच्या गावाला निघाल्या. त्यांना वेशीपर्यंत पोचवून आम्ही घरी आलो आणि मी तिच्यापुढे खोकं ठेवलं. तिला साडी वाटली. म्हणाली, "आता ह्या वयात?" मग पुठ्ठा बाहेर काढून ती वाचायला लागली. बोट ओळीवरून फिरवत वाचायची तिची सवय. पुण्यावर बोट थांबलं.

"हे कधी ठरवलं?"

"आषाढात."

"म्हंजे मी दुकानात विचारायला आले, तेव्हा ठरलं व्हतं?"

"ठरलेलंच. तुला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तर शंभर म्हणालो."

तिनं पुठ्ठा परत खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "माझा नियम जावज्जीव हाय."

जावज्जीव म्हणजे जिवात जीव असेपर्यंत. मी ते बारा व्रतांचं पुस्तक जन्मात उघडलं नव्हतं. चार महिन्यांचे नियम वेगळे आणि ही व्रतं वेगळी, हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. मी भडकलो. पेनानं लिहिलेला एक आकडा खोडायला काय लागतं, असं काहीबाही बोललो. आवाज चढला तसा मुलगा आतून बाहेर आला. ती एकदाही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला विचारूनच लिहिलं."

तेव्हा मला कळलं की त्या दुपारी ती आकडा विचारायला आलीच नव्हती. अकरा वर्षांनी ती मला शेवटचं विचारत होती, नेणार आहात का? आणि मी तिला सांगितलं होतं, की पुण्याच्या पुढं आपलं कोण आहे.

मी गाडी काढून महासतीजींच्या मागे गेलो. त्या नारायणगावच्या अलीकडे एका शाळेत थांबल्या होत्या. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "नियम तुमचा नाही, त्यांचा आहे. त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी यावं." ती गेली नाही. मी दोनदा जा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही.

चौथ्या दिवशी तिनं माझीच पिशवी भरली.

"तुमी होडीवाल्याला शब्द दिलाय. जाऊन या. नीट बघा आणि मला सांगा. माझा नियम पायांचा हाय, कानांचा नाय."

म्हणून मी एकटा गेलो. होडीत बाकीची सगळी जोडपी होती. दोन्ही बाजूंनी माणसं काचेवर वाकली आणि होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. आयुष्यभर रंग विकले मी, राणी, मोरपंखी, आमसुली, आणि तिथं खाली एकाही रंगाला मला नाव देता येईना. पिवळ्याजर्द माशांचा एक थवा काचेखाली आला आणि तिथंच थांबला. कुणी हाकलत नव्हतं, कुणी धरत नव्हतं. एक छोटा मासा प्रवाळाच्या फटीतून सारखा डोकं बाहेर काढून आत घेत होता, नवीन सुनेसारखा. ती असती तर त्या एका माशापाशी तास काढला असता. माझे डोळे भरले. शेजारच्या पोरीनं विचारलं, "काका, होडी लागली का?" मी हो म्हणालो. होडीवाल्यानं माझ्या फोनवर चांगला लांबलचक व्हिडिओ काढून दिला. येताना घाटात मी तोंडपाठ करत होतो, आधी काय सांगायचं, मग काय, व्हिडिओ कधी दाखवायचा.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. तिनं आधी मला जेवू घातलं. मग भांडी तशीच ठेवून माझ्यासमोर मांडी घालून बसली, हात पुसले आणि म्हणाली, "हं, सांगा."

तिचा चेहरा मी बघितला. आता मी सांगणार, ती ऐकणार, आणि प्रत्येक माशागणिक तिला कळत जाणार की माझ्या शंभर किलोमीटरनं तिचं काय काय गेलं. मला ते बघवणार नव्हतं. तिला दुःख नको म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. मला माझी चूक तिच्या डोळ्यांत बघायची नव्हती.

"पाणी गढूळ व्हतं," मी म्हणालो. "वारा सुटला व्हता. काय दिसलं नाय."

"कायच नाय?"

"कायच नाय."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "अरेरे. एवढ्या लांब गेलात, आणि तुमची निराशा झाली." डोळ्यांत पाणी आलं तिच्या, माझ्यासाठी. मग तिनं शेजारी पडलेला माझाच फोन, तो व्हिडिओ असलेला, उचलला आणि लेकीला नाशिकला लावला.

"आले गं पप्पा," ती म्हणाली. "त्यांना कायच दिसलं नाय, बिचाऱ्यांना. तू जरा बोल त्यांच्याशी." आणि फोन माझ्यापुढे धरला.