निळ्या झाकणांचे जबडे

प्रयोगशाळेत तिला सगळे सुरीताईच म्हणत. सव्वीस वर्षं ती हाडांचे काप काढत होती, केसाहूनही पातळ, आणि एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकही हाड वाया गेलं नव्हतं. नवरा चारचौघांत सांगायचा, "हिनं काकडी चिरली की चकतीतून पेपर वाचता येतो."

शुक्रवारी तीन वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीपुढे उभ्या राहणार होत्या. त्यांचं म्हणणं असं, की दाताच्या आतल्या थरातलं एक प्रोटीन थोडंसं हाडातही असतं आणि हाडात चुना, म्हणजे कॅल्शियम, धरायला ते लागतंच. त्यासाठी उंदरांचे उजवे जबडे कापायला आले होते. पांढऱ्या झाकणांच्या बाटल्यांत साध्या उंदरांचे, निळ्या झाकणांच्या बाटल्यांत ते प्रोटीन अंगात बनतच नाही अशा उंदरांचे. काप चांदीच्या द्रावणात बुडवले की चुना असेल तिथं काळं होतं. पांढऱ्यांचे काप काळेकुट्ट निघाले. निळ्यांच्यात काळा ठिपका म्हणून नाही.

मॅडम हरखल्या. सुरीताईला मात्र काहीतरी खटकत होतं. निळ्यांचे काप काढताना पातं लोण्यातून जावं तसं गेलं होतं. तिनं ते बोलूनही दाखवलं.

"अहो, चुनाच नाही तर पातं अडेल कशाला?" मॅडम म्हणाल्या.

पटण्यासारखं होतं. तरी शुक्रवारी दीड वाजता डबा न उघडताच ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. हाड सोडून तिनं दात पाहिला. दाताच्या वरचं कवच जागेवर नव्हतं. नुसती पांढरी पोकळी.

कवच म्हणजे जवळजवळ नुसता चुनाच, ते असं समूळ जातं ते आम्लानंच. इथं येण्याआधी ती दवाखान्यात होती. तिथं हाड आलं की आधी आम्लात घालायचं, म्हणजे चुना विरघळतो आणि कापायला मऊ पडतं. इथं चुनाच बघायचा, म्हणून आम्लाचं नाव काढायचं नाही. पांढरी झाकणं बुधवारी आली तेव्हा मॅडम शेजारी होत्या. निळी त्याआधीच, सोमवारी आली होती. तेव्हा ती एकटी होती, खांद्याला फोन लावून गीझरवरून नवऱ्याशी भांडत. तोंड तिकडे, हात इकडे जुन्या सवयीनं चालत होते. तिनं कपाटातला आम्लाचा कॅन उचलून पाहिला. गेल्या आठवड्यात काचा धुण्यापुरतं थोडंसं आम्ल घ्यायला सील फोडलेला कॅन अर्धा झाला होता.

तिनं नवऱ्याला फोन लावून झालेलं सांगितलं.

"मॅडम खूश आहेत ना?" तो म्हणाला. "मग तुला कुठं खाजवतंय? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. गप बस की."

"तू गीझर बघ," म्हणून तिनं फोन ठेवला. पण तो चूक बोलत नव्हता. मॅडमना हवं तेच दिसत होतं. दाताकडे कोण बघतंय?

अडीचला ती मॅडमच्या दारात उभी राहिली. "निळे जबडे आम्लात गेले होते. माझ्या हातून."

मॅडमनी लॅपटॉपवरून मान वर केली. "काहीतरीच काय बोलताय?"

"दातावरचं कवच बघा."

मॅडमनी लॅपटॉपवरचं निळ्यांच्या कापाचं चित्र मोठं केलं. बराच वेळ बघत राहिल्या. "प्रोटीन नाही म्हणून कवचही..." असं म्हणता म्हणता थांबल्या. कवचाचं प्रोटीन वेगळंच असतं, ते त्या उंदरांत शाबूत होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"अर्ध्या तासावर समिती आहे, सुरीताई."

"दिसलं तशी आले."

"आणि दिसलं नसतं तर?"

मॅडमनी समितीला दाखवायच्या चित्रांतून ते चित्र काढून टाकलं आणि लॅपटॉप काखेत मारून गेल्या.

पाऊण तास सुरीताई स्टुलावर बसून होती. पुसलेलंच टेबल तिनं दोनदा पुसलं. आता आपल्या जागी कोण बसणार, याचाही अंदाज बांधून झाला.

मॅडम परत आल्या तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. "सहा महिने दिलेत. तेवढ्यात दाखवा, नाहीतर विषय बंद, म्हणाले." खुर्चीत बसल्या. "त्याच उंदरांचे डावे जबडे फ्रीजमध्ये आहेत. सोमवारी सुरू करा."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं? पण यापुढे बाटली उघडताना मला बोलवायचं. प्रत्येक बाटलीवर माझी सही."

सव्वीस वर्षांत तिच्या बाटलीवर दुसऱ्या कुणाची सही पडली नव्हती. मान खाली घालून ती उठली आणि सहीपुरती जागा ठेवून बाटल्यांना लावायच्या नव्या चिठ्ठ्या कापायला बसली.